तलावाचा गाळ, वांग्याचं वावर

हिंगणीत कोणाच्या वावरात तलावाचा गाळ पडायचा असला की आधी महादेवराव उमाट्यांची जीभ लागायची. जीभ म्हणजे खरोखरची जीभ. ट्रॉली धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहायची, ड्रायव्हर बिडी पेटवायचा, मालक टोपी सारखी करत बाजूला सरकायचा. महादेवराव ट्रॉलीतून चिमूटभर गाळ घेऊन जिभेच्या शेंड्यावर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. मग थुंकून निकाल सांगायचे, "वांग्याले चालते. मिरचीले टाकसान तं बोंबलसान." यावर अपील नसे. एकदा कोणीतरी कृषी केंद्रातून माती तपासून कागद आणला होता. महादेवरावांनी तो कागद चाखून पाहिला नाही एवढंच, बाकी त्याची सगळी शोभा केली.

माणूस बासष्टचा. तीन एकर ओलिताचं वावर, वांगी आणि दोडके, आठवड्याला सेलूचा बाजार. पोटाला कमी नव्हतं आणि तोंडाला तर अजिबात नव्हतं. गावच्या पश्चिमेला टेंभरी तलाव आहे. उन्हाळ्यात तो आटला की गावातली चाळीसेक घरं त्याचा गाळ काढून वावरात टाकतात, भाजीपाला त्यावरच पिकतो. या गाळाचे महादेवरावांनी स्वतः पाच प्रकार केले होते : लोणी, डिंक, राख, कोळसा आणि बिनकामाचा. जो गाळ पहिल्या चारांत बसत नसे तो पाचव्यात जाई. हे वर्गीकरण त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्यात कोणी चूक काढावी असा माणूस पंचक्रोशीत जन्मला नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

अशा माणसाच्या दारात एप्रिलच्या शेवटी वर्ध्याच्या एका कॉलेजातले डॉक्टर प्रफुल ढगे येऊन उभे राहिले, म्हणजे देवानंच जोडी जमवली म्हणायची.

ढगे सर वनस्पतिशास्त्राचे. त्यांना मोठा प्रकल्प मिळाला होता : गोड्या पाण्याच्या गाळातील बुरश्यांचे वैविध्य व वर्गीकरण. सोबत त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी उज्वला. ती अल्लीपूरच्या शेतकऱ्याघरची, वर्ध्याजवळ सिंदी मेघेत खोली करून राहायची. सर बोलत आणि ती लिहून घेई. सरांचं बोलणं लांब होतं, पण मतलब एवढाच, की तलावाच्या तळाशी जो गाळ असतो त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या शेकडो जातींच्या बुरश्या राहतात. पडलेली पानं, काड्या, मेलेले किडे त्या कुजवतात, आणि त्यावर तलाव जगतो. त्या किती, कोणत्या आणि कोणाच्या नात्यातल्या, हे आजवर कोणी नीट मोजलेलंच नाही.

"बुरशी म्हणजे लोणच्यावर येते ते?" महादेवरावांची बायको आनंदाबाई दारातून म्हणाली.

"तिचीच चुलतभावंडं, काकू," उज्वला हसून म्हणाली. "अन् काकू, कंगव्यातले केस असन तं द्या बरं मले थोडे."

"माहे केस? काऊन वं बाई?"

"काही बुरश्या केसच खातात. गाळात केस टाकून ठेवले की त्यावर येऊन बसतात. काहींले तीळ लागते, काहींले सापाची कात."

आनंदाबाईंनी कंगवा पदराआड घेतला. "हे करणीचं काम दिसते," त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या. शेवटी केस दिले, पण उज्वलाकडून देवाची शपथ घेऊन.

सरांनी पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभं राहून त्याचा मधला, सगळ्यात खोल भाग दाखवला. ते ठिकाण क्रमांक तीन. महिन्याच्या पंधरा तारखेला तिथल्या तळाचा गाळ स्टीलच्या डब्यात भरून द्यायचा, उज्वला स्कुटीवर येऊन घेऊन जाईल. वर्षभर.

"पावसाळ्यात तळ गाठायला जमेल ना?" सरांनी विचारलं. "दोन पुरुष पाणी असतं म्हणे."

"सायेब," महादेवराव छाती काढून म्हणाले, "मी या तलावातच वाढलो."

आता खरं सांगायचं तर महादेवरावांना पोहता येत नव्हतं. बासष्ट वर्षांत ही गोष्ट त्यांनी गावाला कळू दिली नव्हती. पोळ्याच्या दिवशी सारं गाव बैल घेऊन तलावात उतरायचं, तेव्हा महादेवराव काठावर उभं राहून 'अबे, त्याच्या मानेखाली घास,' 'शिंगं धू लेका' असे हुकूम सोडायचे. लोकांना वाटायचं, जाणता माणूस आहे, देखरेख करतो. घोट्याच्या वर पाणी आलं की जाणता माणूस मागे फिरतो, हे कोणाला माहीत!

मे आणि जून सोपे गेले. तलाव आटला होता, ठिकाण तीनवर नुसता चिखल. महादेवराव चपला काढून गेले, डबा भरला, चाखला, "लोणी!" म्हणाले आणि दिला. त्याच दिवसांत त्यांनी त्याच जागेवरून आपल्या वावरासाठीही तीन ट्रॉल्या ओढल्या, कारण असा गाळ दुसरीकडे नव्हता. दोन ट्रॉल्या वांग्यात पसरल्या. तिसरीचा ढीग धुऱ्यापाशी राहिला, शेणखताच्या खड्ड्याला लागून.

जुलैत तलाव भरला. पंधरा तारखेला महादेवराव डबा घेऊन पाळीवर आले आणि अर्धा तास उभे राहिले. सरपंच बंडूजी म्हशी घेऊन चालले होते. बंडूजी त्यांचे बालमित्र, आणि म्हणूनच सगळ्यात धोक्याचे.

"काय करून राह्यले, महादेवराव?"

"लाट पाहून राह्यलो."

"टेंभरी तलावाले लाट?"

"तुले नाई दिसत. तू जाय."

बंडूजी गेले. महादेवरावांनी चप्पल काढली, एक पाय पाण्यात घातला, पाय बाहेर घेतला. हा प्रयोग त्यांनी तीनदा केला. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ठिकाण तीनचा गाळ तर आपल्या धुऱ्यावर पडला आहे की! ते वावरात आले. ढिगावर आनंदाबाईंनी किडकी वांगी फेकली होती, कोंबड्या उकरत होत्या, बाजूच्या खड्ड्याचं शेणपाणी त्यात झिरपत होतं. महादेवरावांनी कोंबड्या हाकलल्या, डबा भरला, वरून तलावाचं लोटाभर पाणी ओतलं आणि चाखून पाहिलं. लोणीच. फक्त जरा चव आली होती.

गाळ तोच, त्यांनी मनाला सांगितलं. जागा बदलली म्हणून जात बदलते काय? मनानं लगेच मान्य केलं. त्यांचं मन त्यांच्याशी सहसा वाद घालत नसे.

तिकडे कॉलेजात मात्र भूकंप झाला. मे आणि जूनच्या गाळात उज्वलाला अकरा जातींच्या बुरश्या मिळाल्या होत्या. जुलैत एकोणतीस निघाल्या, ऑगस्टमध्ये अडतीस, सप्टेंबरमध्ये सत्तावन्न. ढगे सरांना झोप येईना. त्या सत्तावन्नांत बऱ्याचशा शेतातल्या आणि शेणातल्या ओळखीच्या बुरश्या होत्या. अशा तळाशी एवढ्या काय करतात, असा प्रश्न उज्वलानं विचारलासुद्धा. साधा माणूस अशा वेळी म्हणाला असता, गाळ बघू कुठून आणला. पण सर साधे नव्हते. त्यांनी सिद्धांत मांडला : जमिनीवरच्या बुरश्या टेंभरी तलावाच्या तळाशी कायमच्या राहायला आल्या आहेत. त्यांच्यासाठी त्यांनी 'स्थलांतरित' असा नवा गट केला. 'मूळ रहिवासी' हा दुसरा. आणि जे दोन्हींत बसेना ते 'इतर'. महादेवरावांच्या बिनकामाच्या गाळाला विद्यापीठात असं सख्खं भावंड मिळालं.

ऑक्टोबरात महादेवरावांना खटकायला लागलं. त्याचं असं झालं, की पंधरा तारखेला डबा घेताना उज्वला त्यांच्या पायाच पडली. "काका, तुमच्यामुळे माह्यं काम उभं राह्यलं," म्हणाली. पोरगी गेली आणि महादेवरावांना जेवण जाईना. दुसऱ्याच दिवशी ते बसनं वर्ध्याला गेले, खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून.

प्रयोगशाळेत उज्वलानं त्यांना कपाट उघडून दाखवलं. काचेच्या चपट्या ताटल्या, रांगाच्या रांगा. कुठे हिरवी पूड, कुठे गुलाबी मखमल, कुठे कापसासारखा पांढरा पिंजारा, कुठे काजळ. आणि प्रत्येक ताटलीवर चिठ्ठी : टेंभरी तलाव, ठिकाण क्रमांक तीन, संकलक महादेवराव उमाटे. दोनशे ताटल्या. महादेवरावांचं नाव आजवर रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर आणि लग्नाच्या भांड्यांवर सोडून कुठे लिहिलं गेलं नव्हतं. त्यांनी पहिल्या रांगेतल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. मग दुसऱ्या रांगेतल्याही वाचल्या.

"हे पाहा, काका," उज्वलानं सूक्ष्मदर्शक पुढे केला. "हे वांग्याच्या काडीच्या तुकड्यावर सापडलं. कोणत्याच पुस्तकात नाई. नवी जात हाय."

त्यांनी डोळा लावला. पेरणीची असते तशी तीन दात्यांची इवलीशी तिफण दिसली, नुकतीच वावरात उतरवल्यासारखी. "हे तं तिफण हाय!" म्हणत महादेवराव बघतच राहिले. आपल्या धुऱ्यावर, कोंबड्यांच्या पायाखाली असलं काही राहतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मग एकदम आठवलं. वांग्याची काडी तलावाच्या तळाशी कशी गेली, हे या पोरीला कोणीच कसं विचारलं नाही?

"उज्वला बेटा, मले एक सांगायचं होतं."

"पहिले माह्यं ऐका. तीन वर्षं झाले मले यात. घरचे म्हणतात, पुरे झालं, लग्न कर. दिवाळीनंतर सोडूनच देणार होती मी. हे सापडलं म्हणून बाबा म्हणाले, पूर्ण कर." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही काय म्हणत होते?"

"काई नाई. केस लागतीन काय विचारत होतो. काकूनं साठवले हायेत."

जानेवारीत बातमी छापून आली : टेंभरी तलावाच्या तळाशी दुर्मीळ बुरशी. कॉलेजात समारंभ झाला. नव्या जातीला संस्थेच्या अध्यक्षांचं नाव देण्यात आलं. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की बुरशीविषयी आपल्याला लहानपणापासून ओढ होती, पण सार्वजनिक जीवनामुळे वेळ देता आला नाही. महादेवरावांना शाल, नारळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. त्यावर लिहिलं होतं 'गाळमित्र'. त्यांनी ते घरी टीव्हीवर ठेवलं. आनंदाबाईंनी त्यावर रुमाल टाकला. का टाकला हे त्या बोलल्या नाहीत.

आणि फेब्रुवारीत कागद आला. कोणत्या कार्यालयाचा ते सोडा, शिक्के तीन होते. टेंभरी तलावाच्या तळाशी दुर्मीळ जात आढळल्याने गाळ काढण्यास मनाई करण्यात येत आहे. मार्चमध्ये पथक येईल, संकलक होडीतून जाऊन जागा दाखवेल, तिथे बावटा रोवून पंचनामा होईल, त्यावर संकलकाची सही झाली की मनाई कायम होईल.

ग्रामपंचायतीत गर्दी झाली. चाळीस घरांचा गाळ बंद, म्हणजे चाळीस वावरांतली भाजी गेली. खत टाकून टाकून जमीन करपली होती, ती गाळानंच सावरली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"महादेवराव," बंडूजी म्हणाले, "तुमाले शाल भेटली, आमाले काय भेटलं?"

कोणी हसलं नाही. महादेवराव घरी आले आणि अंगणात बाजेवर बसून राहिले. सही केली तर गावाचा गाळ जातो. खरं सांगितलं तर उज्वलाचं तीन वर्षांचं काम जातं, शिवाय बासष्ट वर्षांची अब्रू. अब्रूचं त्यांना सगळ्यात आधी आठवलं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

मार्चमधल्या त्या दिवशी पाळीवर सारं गाव होतं. रबरी होडी फुगवून तयार. साहेब, त्यांचे दोन कर्मचारी, ढगे सर, हातात वही घेतलेली उज्वला. साहेबांनी पंचनाम्याचा कागद पुढे धरला.

"वाचून दाखवतो. 'मी वर्षभर दर महिन्याला स्वतः पाण्यात उतरून ठिकाण क्रमांक तीन येथील तळाचा गाळ काढला आहे.' बरोबर? चला, बसा होडीत."

महादेवरावांनी एक पाय होडीत टाकला. होडी डुचमळली. त्यांनी मागे बघितलं. बंडूजी, बाया, म्हातारे, सगळे त्यांच्याकडे बघत होते. गाळ कसा आहे हे विचारायला बघायचे तसेच. महादेवरावांनी पाय बाहेर काढला.

"सायेब, मले पोहता येत नाई."

 मागून कोणीतरी फसकन हसलं आणि सारी पाळ हसली. म्हातारेसुद्धा दात नसलेल्या तोंडांनी हसले. "अन् पोळ्याच्या दिवशी आमाले शिकवत होते!" कोणीतरी ओरडलं.

"हसा," महादेवराव म्हणाले.  "अजून हाय. मे अन् जूनचा गाळ तलावातला. जुलैपासूनचे सारे डबे माह्या वावरातले. धुऱ्यावरचा ढीग हाय, त्यातले. त्यावर कोंबड्या बसते, शेणाचं पाणी जाते. तुमची दुर्मीळ बुरशी तलावात नाई, माह्या वांग्यात हाय. हा कागद खोटा हाय. मी सही नाई करत."

आता कोणी हसत नव्हतं. आनंदाबाई पुढे आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "पोहायचं मले लग्नापासून माहीत हाय. ढिगाचंही माहीत होतं, माह्याच कोंबड्या हुसकावत होते. म्हटलं, पाहू कधी सांगते तं."

ढगे सरांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मिनिटभरात पूर्ववत झाला. "मला सुरुवातीपासून शंका होतीच," ते साहेबांना म्हणाले.

उज्वला पाळीवर खाली बसली होती. महादेवराव तिच्यासमोर उभे राहिले. "बेटा, तुयं लय नुसकान केलं मी."

"एक फोन करायचा होता, काका," ती म्हणाली. रडत नव्हती, संतापली होती. "फक्त एक फोन. पाणी खोल हाय, जमत नाई, एवढंच म्हणायचं होतं. मी दोरीनं डबा सोडून काढला असता गाळ." वही पिशवीत घालून ती सरांची वाट न बघता स्कुटीवर बसून निघून गेली. महादेवराव तिच्या गेल्या वाटेकडे बराच वेळ पाहत राहिले.

एप्रिलमध्ये तलावावरची मनाई उठली. गावानं ट्रॉल्या बाहेर काढल्या. आणि त्याच आठवड्यात महादेवरावांच्या वांग्याच्या वावराला तारेचं कुंपण पडलं. त्यांच्याच जाहीर जबानीवरून ठरलं होतं, की दुर्मीळ बुरशी वांग्यात आहे. कुंपणाच्या दारावर फलक लागला : दुर्मीळ बुरशीचा एकमेव ज्ञात अधिवास. प्रवेश केल्यास कारवाई करण्यात येईल. प्रवेश कोणालाही नाही, मालकालाही नाही. वांगी झाडावरच पिवळी पडली, फुटली, कुजली. त्यावर बुरशी मात्र झकास आली, त्यामुळे संरक्षण यशस्वी झालं असं पथकाच्या अहवालात गेलं.

महादेवराव रोज तारेबाहेर उभे राहायचे. समोरून गावाच्या ट्रॉल्या गाळ भरून जायच्या. कोणी थांबून गाळ चाखायला सांगत नव्हतं. खरं बोलल्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. पण खरं बोललं की मोकळं वाटतं असं लोक सांगतात, ते त्यांना काही केल्या वाटेना.

मेच्या पंधरा तारखेला स्कुटी आली. उज्वला गुडघ्यापर्यंत बूट घालून उतरली. "चला," एवढंच म्हणाली. महादेवराव पुढे, ती मागे, दोघं आटलेल्या तलावात ठिकाण तीनपर्यंत गेले. गाळ तिनं स्वतःच्या हातानं काढला. त्यांनी चाखायला हात पुढे केला तर तिनं डबा बंद केला. परत येताना मात्र म्हणाली, "मागच्या मे-जूनच्या अकरा जाती खऱ्या होत्या. त्याच घेऊन नव्यानं सुरू करून राह्यली मी. बाबाले एक वर्ष मागितलं."  महादेवरावांनी मान हलवली.

जूनमध्ये तिचा फोन आला.

"काका, तलावातल्या गाळातही हाय ती तिफण."

महादेवराव बाजेवरून उठून उभे राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे तलावातूनच तुमच्या वावरात आली. मागच्या वर्षी माह्या नजरेतून सुटली. कोणाले सांगतलं नाई अजून. सांगतलं तं तलाव पुन्हा बंद करतीन."

महादेवराव पुन्हा बाजेवर बसले. मग जिभेवर गाळ ठेवल्यासारखे डोळे मिटून म्हणाले, "बेटा, लपवू नको. एकदा लपवून पाह्यलं मी. पण मले एक सांग. तलावातून माह्या वावरात आली, तं बंडूच्या वावरात काऊन नसन? गाळ तं चाळीस घरी जाते."

उज्वलानं चाळीसही वावरांचा गाळ तपासला. अडतीसात तिफण निघाली. जी वस्तू तलावात आणि अडतीस वावरांत लोळते ती दुर्मीळ नाही, असा तिनं साधा दोन पानी अहवाल लिहून कार्यालयाला पाठवला. उत्तर आलं : आपला अहवाल प्राप्त झाला. फलक लावण्याची तरतूद आहे, काढण्याची नाही.

हे उत्तर बंडूजींनी ग्रामपंचायतीत मोठ्यानं वाचलं.  दुसऱ्या दिवशी त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्या रुपेशला बोलावून घेतलं.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात साहेब पाहणीला आले, तर हिंगणीच्या पश्चिमेला प्रत्येक वावराच्या धुऱ्यावर फलक होता. तोच हिरवा रंग, तीच अक्षरं : दुर्मीळ बुरशीचा एकमेव ज्ञात अधिवास. रुपेशचा हात सरकारी पेंटरपेक्षा चांगला होता, एवढाच काय तो फरक. प्रत्येक फलकाखाली माणसं निंदण करत होती, दोडके तोडत होती. तार कुठेच नव्हती. ती कुठे गेली हे कोणाला माहीत नव्हतं.

साहेबांनी दोन तास फिरून घाम पुसला. "सरपंच, यातला आमचा फलक कोणता?"

"मले कसं कळन, सायेब? मी म्हशीवाला माणूस. महादेवरावले विचारा."

साहेब महादेवरावांकडे वळले. महादेवराव चार महिन्यांनी आपल्या वावरात उभे होते, घोट्यापर्यंत चिखलात, हातात वांग्याच्या रोपांची जुडी. त्यांना रडू येत होतं आणि हसूही. त्यांनी एकदा बंडूजींकडे बघितलं, एकदा त्या रांगेकडे.

"माती चाखून सांगू काय, सायेब?" ते म्हणाले.

साहेबांनी जीपला हाक मारली.

पुढच्या वर्षी उज्वलाचा प्रबंध पूर्ण झाला. एकूण जाती चौदा, 'इतर' गट नाही. पहिल्या वर्षाचे जुलैपासूनचे डबे का बाद केले, हे तिनं तक्त्याखालच्या टिपेत एका ओळीत लिहिलं : संकलकास पोहता येत नाही. प्रबंधाची प्रत ती स्वतः घेऊन आली. महादेवरावांनी ते पान आनंदाबाईंना वाचून दाखवलं, मग बंडूजींना, मग सेलूच्या बाजारात निम्म्या लोकांना.

पण ते पुढचं. त्या दिवशी जीप पाळीपलीकडे दिसेनाशी झाली तरी महादेवराव तसेच उभे होते. शेवटी सरीत वाकलेल्या आनंदाबाईंनीच हाक दिली, "पाहत काय उभे राह्यले? आणा ना ते जुडी इकडे, रोपं सुकून राह्यले."